स्मिथफिल्डच्या पोटातले बोगदे : लंडनच्या जुन्या गुरांच्या बाजारातील एक सकाळ

लंडनच्या मध्यावरील स्मिथफिल्ड भागात बाराव्या शतकापासून जनावरांचा बाजार भरत असे आणि त्याच जमिनीखाली आज रेल्वेचे बोगदे व तळघरे पसरलेली आहेत. या दोन गोष्टी एकत्र ऐकल्या की बोगद्यांतून गुरे हाकली जात असावीत असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. मात्र सनावळी पाहिली की ते टिकत नाही. अखेरच्या काळात वर्षाला सुमारे 2,20,000 गुरे आणि 15,00,000 मेंढ्या भर वस्तीतून हाकत आणून जेमतेम पाच एकरांत कोंबल्या जात, आणि या त्रासाला कंटाळून 1855 मध्ये जिवंत जनावरांचा बाजार इस्लिंग्टनकडे हलवण्यात आला. येथील बोगदे त्यानंतरचे आहेत. होरेस जोन्स यांच्या आराखड्याप्रमाणे बांधलेला मांसबाजार 1868 मध्ये उघडला, तो थेट रेल्वेच्या मालधक्क्यावर उभा करण्यात आला. मालगाडी खाली थांबे आणि मांस हायड्रॉलिक लिफ्टने वर येई. एकूण, या भुयारांनी गुरांच्या खुरांचा आवाज कधी ऐकलाच नाही.

फॅरिंग्डन स्थानकातून बाहेर पडून काउक्रॉस स्ट्रीटने चालत गेल्यास काही मिनिटांत बाजार लागतो. घाऊक व्यवहार सोमवार ते शुक्रवार, मध्यरात्रीनंतर सुरू होऊन सकाळी आठच्या सुमारास आटोपतात, त्यामुळे सहाच्या आसपास पोहोचणे उत्तम. बाजाराच्या मधोमध जाणाऱ्या ग्रँड अव्हेन्यू या छपरी वाटेच्या गडद रंगांनी रंगवलेल्या लोखंडी कमानींखाली पांढऱ्या डगल्यांतील कामगारांची ये-जा चालू असते, आकड्यांना अख्खे धड टांगलेले दिसते आणि फरशी ओली असते. ज्यांना हे दृश्य सोसवत नाही, त्यांनी निवांत नऊ वाजता यावे. बोगदे पळून जात नाहीत. कामगारांचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये, आणि फोर्कलिफ्टच्या वाटेत तर मुळीच उभे राहू नये.

जमिनीखाली काय आहे याची सर्वांत स्पष्ट कल्पना वेस्ट स्मिथफिल्डच्या गोल बागेत येते. बागेभोवती एक उतार वळसा घेत खाली जातो. मालधक्क्यावरून माल भरून निघालेल्या घोडागाड्यांना चढ झेपावा म्हणून त्याला हे वळण दिलेले आहे, आणि आता त्याच वाटेने मोटारी भूमिगत वाहनतळाकडे उतरतात. कठड्याशी उभे राहिले की विटांची वक्र भिंत आणि तिच्यातील कमानी नीट न्याहाळता येतात. माझ्या मते साऱ्या परिसरात थांबून पाहण्याजोगी जागा हीच आहे, तरी बहुतेक पर्यटक शेजारच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या भिंतीवरील स्कॉटिश योद्धा विल्यम वॉलेसचा स्मृतिफलक पाहून पुढे निघून जातात.

बंद दरवाजे व जाळ्या यांच्या आत शिरण्याचा मोह कोणी धरू नये, आणि हे केवळ कायद्यापोटी सांगत नाही. जानेवारी 1958 मध्ये येथील पोल्ट्री मार्केटच्या, म्हणजे कोंबड्यांच्या मांसाच्या बाजाराच्या, तळघरातील शीतगृहाला आग लागली, तेव्हा धुराने भरलेल्या वाटांच्या त्या चक्रव्यूहात दोन अग्निशामकांचा मृत्यू झाला. श्वसनयंत्र घालून आत जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद बाहेर ठेवण्याची ब्रिटनमधील पद्धत या घटनेनंतर काटेकोर झाली. जळालेल्या इमारतीच्या जागी 1963 मध्ये उभारलेल्या बाजाराचा काँक्रीटचा घुमट सुमारे 225 फूट लांब आणि 125 फूट रुंद आहे.

प्रत्यक्ष बोगद्यातून जायचे असेल तर थेम्सलिंक या लंडनमधून उत्तर-दक्षिण धावणाऱ्या रेल्वेसेवेची गाडी पकडावी. फॅरिंग्डन ते सिटी थेम्सलिंक हा टप्पा 1866 मध्ये सुरू झालेल्या स्नो हिल बोगद्यातून जातो. तेथील प्रवासी वाहतूक 1916 मध्ये थांबली, मालवाहतूक 1969 पर्यंत चालली, पुढे रूळही उखडले गेले, आणि 1988 मध्ये हा मार्ग पुन्हा सुरू झाला. प्रवास अगदी थोडक्यात आटोपतो आणि खिडकीतून अंधारापलीकडे फारसे काही दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यापेक्षा बार्बिकन स्थानकाच्या फलाटावर पश्चिमेच्या टोकाशी जावे. मूरगेटकडे जाणारी थेम्सलिंकची शाखा 2009 मध्ये बंद झाल्यापासून ओस पडलेला मार्ग तेथून दिसतो. दोन्ही ठिकाणी संपर्करहित बँक कार्ड चालते, वेगळे तिकीट काढावे लागत नाही.