टेक्ससच्या वर्गातील दहा आज्ञा

आमच्या घरी गणपती बसून आठवडा झाला होता आणि विसर्जनाला दोनच दिवस उरले होते. चौथीतली मुलगी शाळेतून आली, हातपाय धुऊन आरतीच्या तबकाशी बसली आणि वाती वळता वळता तिने विचारले, "आई, ग्रेव्हन इमेज म्हणजे काय गं?" कोरलेली मूर्ती, असे मी सांगितले. तिने मखरातल्या शाडूच्या गणपतीकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "मग आपला बाप्पा चालेल. तो कुठे कोरलाय? आपण तो मातीचा घडवलाय." खोदून विचारल्यावर कळले, की वर्गात फळ्याशेजारी नवा तक्ता लागला आहे आणि अशी मूर्ती करू नये, असे त्यावर लिहिले आहे. आपला देव वर्गातल्या तक्त्याच्या कसोटीला उतरतो की नाही, याचा विचार त्या नऊ वर्षांच्या मुलीने एकटीनेच करून ठेवला होता, हे लक्षात आल्यावर माझ्या पोटात तुटले.

तिकडच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. आम्ही डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. जून 2025 मध्ये गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी सही केलेल्या कायद्यानुसार, टेक्ससच्या प्रत्येक सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा तक्ता लावणे 1 सप्टेंबर 2025 पासून बंधनकारक झाले. तक्ता किमान 16 बाय 20 इंचांचा असावा आणि साधारण दृष्टीच्या माणसाला वर्गात कुठूनही वाचता यावा, इतके बारकावे कायद्यात आहेत. त्याच्या वर्षभर आधी लुइझियाना राज्याने असाच कायदा केला होता. अमेरिका हे मुळात ख्रिस्ती राष्ट्र आहे आणि शासनाने ते उघडपणे मान्य केले पाहिजे, असे मानणारा जो प्रवाह येथे 'ख्रिस्ती राष्ट्रवाद' या नावाने ओळखला जातो, त्याला हे कायदे म्हणजे आपल्या भूमिकेचा मोठा विजय वाटतो.

या विषयावर मला जे समजले, ते बरेचसे विसर्जनाच्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समजले. त्या दिवशी दोन पाहुणे प्रसादाला थांबले होते. एक शेजारच्या बाई, पंचाहत्तरीच्या, बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या, चाळीस वर्षे चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना बायबल शिकवलेल्या. दुसरा माझ्या कार्यालयातला सहकारी, पश्चिम टेक्ससमधल्या पाद्र्याचा मुलगा, पंचविशीत श्रद्धा सुटलेला आणि आज स्वतःला स्पष्टपणे नास्तिक म्हणवणारा. मुलीचा प्रश्न मी सांगितला आणि दोघेही गप्प झाले. नंतर जे बोलणे सुरू झाले, ते मोदक थंड होईपर्यंत चालले.

सहकाऱ्याचे म्हणणे असे, की हा ग्रंथ माणसांनी, आपल्या काळाच्या समजुतींसह लिहिला. शेजाऱ्याच्या बायकोचा, दासाचा, दासीचा आणि गुराढोरांचा लोभ धरू नये, असे तक्त्यावरचे शेवटचे वाक्य सांगते. म्हणजे बायको आणि दास हे गुरांच्या बरोबरीने मालमत्तेच्या यादीत बसले आहेत, आणि मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ गुलाम असाही होतो. अशी यादी नीतीचा पाया म्हणून मुलांपुढे ठेवू नये. बाईंनी त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि पर्समधून जुने, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा असलेले बायबल काढले. याच आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात, 'निर्गम' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आणि 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, हे त्यांनी आम्हांला दाखवले. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, का पाळायचा, याचे कारण दोन्हीकडे वेगळे आहे. निर्गमात देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला, हे कारण आहे. अनुवादात मात्र तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, कारण तू स्वतः मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतास, हे कारण आहे. बाई म्हणाल्या, "गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांना दिलेला हा शब्द आहे. तो तसाच वाचायला हवा."

ग्रंथ देवाचा की माणसाचा, यावर त्या दोघांचे एकमत झाले नाही आणि होणारही नाही. पण मी फोनवर तक्त्याचा मजकूर उघडून टेबलावर ठेवला तेव्हा दोघांचेही बोट एकाच जागी थांबले. "मी तुझा देव परमेश्वर आहे" इथेच तक्त्यावरचे पहिले वाक्य संपते. बायबलमध्ये ते तिथे संपत नाही. "ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले" असे ते पुढे जाते. यहुदी परंपरेत हे पूर्ण वाक्यच पहिले वचन मानले जाते. कायद्याने नेमके तेच गाळले आहे, आणि शब्बाथाची दोन्ही कारणेही गाळली आहेत. नास्तिकाला त्यात लबाडी दिसली, श्रद्धाळू बाईंना ग्रंथाची अवहेलना दिसली. मला दोघांचेही पटले.

माझा खरा आक्षेप इथेच आहे. दहा आज्ञांचा सर्वांना मान्य असा एकच पाठ अस्तित्वात नाही, त्यामुळे त्या भिंतीवर लावायच्या तर कोणाला तरी पाठ निवडावा लागतो. कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळी मूर्तीविषयीची आज्ञा पहिल्या आज्ञेतच धरतात आणि लोभाच्या दोन आज्ञा मोजतात. बहुतेक प्रॉटेस्टंट मूर्तीची आज्ञा वेगळी धरतात. टेक्ससच्या तक्त्यावर क्रमांकच नाहीत, आणि वाक्ये मोजली तर बारा भरतात. जुन्या इंग्रजी बायबलप्रमाणे तक्त्यावर 'किल' म्हणजे ठार मारणे हा शब्द आहे, तर मराठी बायबल "खून करू नकोस" असे म्हणते. युद्ध आणि फाशी या आज्ञेत बसतात की नाही, हा सगळा वाद त्या एका शब्दफरकात आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणण्यात घालवली, ती एकेका शब्दाचे असे ओझे जाणवत होते म्हणूनच. येथे ते काम विधिमंडळाने बहुमताने उरकले. टेक्ससच्या प्रतिनिधिगृहात हे विधेयक एका शनिवारी चर्चेला आले आणि रविवारी संमत झाले. यहुदी आणि ख्रिस्ती असे दोन्ही शब्बाथ त्यात मोडले, हे जेम्स टॅलरिको या प्रतिनिधीने सभागृहातच दाखवून दिले, आणि ते स्वतः प्रेस्बिटेरियन धर्मशिक्षण घेणारे होते. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायली यहुद्यांना आपले लोक 'शनवार तेली' म्हणत. त्यांना तो दिवस पाळायला कोणत्याही सरकारी तक्त्याची गरज पडली नव्हती.

न्यायालयांचा इतिहास सरळ नाही. केंटकी राज्याचा असाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये रद्द केला. 2005 मध्ये ऑस्टिनच्या विधानभवनाच्या आवारातला, 1961 पासून उभा असलेला दहा आज्ञांचा शिलालेख पाच विरुद्ध चार मतांनी राहू दिला. 2022 मध्ये सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल देताना न्यायालयाने शासन आणि धर्म यांचे संबंध तपासण्याची आपली जुनी कसोटीच बाजूला ठेवली, आणि या कायद्यांना बळ आले ते तिथून. 20 ऑगस्ट 2025 रोजी सॅन अँटोनियोचे न्यायाधीश फ्रेड बिअरी यांनी काही स्कूल डिस्ट्रिक्टपुरती, म्हणजे स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या काही मंडळांपुरती, तक्त्यांना मनाई केली. दावा लावणाऱ्या कुटुंबांत यहुदी, ख्रिस्ती आणि निधर्मी पालकांबरोबर हिंदू पालकही होते. राज्याने अपील केले, आणि बाकीच्यांनी तक्ते लावावेत असे महाधिवक्त्यांनी कळवले.

आपल्या लोकांपैकी अनेक जण मला म्हणतात, "चोरी करू नये, आईवडिलांचा मान राखावा, यात वाईट काय आहे? कशाला नसत्या भानगडीत पडायचे?" त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगते. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड गावी अष्टलक्ष्मी मंदिरात 2024 मध्ये नव्वद फुटी हनुमानाची मूर्ती उभी राहिली. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकी सिनेटसाठी इच्छुक असलेल्या एका रिपब्लिकन उमेदवाराने, खोट्या देवाची ही खोटी मूर्ती येथे का चालू देतो, आपण ख्रिस्ती राष्ट्र आहोत, असे जाहीर लिहिले आणि आधार म्हणून निर्गमाच्या विसाव्या अध्यायातली मूर्तीविरोधी आज्ञाच दिली. माझ्या मुलीने वर्गात वाचली तीच.

मी नगरची. आमच्या वर्गात ख्रिस्ती मुली होत्या, त्यांच्या घरी नाताळात करंज्या खाल्ल्या, रेव्हरंड टिळकांची भजने ऐकली, बायबलही प्रथम तिथेच पाहिले. त्या घरांतल्या श्रद्धेने मला कधी परके वाटू दिले नाही. म्हणून मला हा वाद ख्रिस्ती धर्माशी आहे असे वाटत नाही, आणि शेजारच्या बाईंनाही वाटत नाही. त्यांच्याच बॅप्टिस्ट पूर्वजांना व्हर्जिनियात विनापरवाना उपदेश केल्याबद्दल तुरुंगात टाकले जात होते. धर्म आणि शासन यांच्यामधील भिंतीची भाषा तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी वापरली, ती 1802 मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रात.

ऑक्टोबरात आमच्या स्कूल बोर्डाची सभा झाली. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटे होती. सहकारी दोनच मिनिटे बोलला. मी मुलीचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. बाईंनी काठी खुर्चीला टेकवली, चष्मा लावला आणि तक्त्यावर नसलेले ते वाक्य, मिसर देशातून, दास्यगृहातून, आपल्या बायबलमधून सावकाश वाचून दाखवले. मागच्या रांगेतून तक्त्याच्या बाजूने आलेल्या एका गृहस्थांनी त्यांच्याबरोबर "आमेन" म्हटले. तक्ता अजून वर्गात आहे. बाईंनी पुढच्या सभेसाठीही नाव नोंदवले आहे, आणि त्यांना गाडीने न्यायचे काम माझ्याकडे आहे.