दोन बोटांची फट

गाडी धुऊन झाली की मी बुटकं स्टूल घेऊन तिच्या पुढच्या चाकासमोर बसतो. फडकं पिळायचं राहिलेलं असतं, बादली उपडी करायची असते, पण आधी पाच मिनिटं चाक बघायचं असतं. परवा दुपारी असाच बसलो होतो. मुलगी येऊन शेजारी उभी राहिली, मी बघतोय तिकडे तिनेही बघितलं.

"बाबा, त्यात काय आहे?"

"चौदा," मी म्हणालो.

"चौदा काय?"

"इंच."

ती निघून गेली. तिचं बरोबर आहे.

गाडी म्हणजे फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय, दुसऱ्या पिढीची. बॉनेटखाली ११२ घोडे. आज ऐकायला तो आकडा गरीब वाटतो, पण गाडीचं वजन एक टनाच्या आतबाहेर असल्यामुळे अजूनही मजा येते. कारखान्यातून ती १४ इंची रिमवर निघाली, टायर १८५/६०, म्हणजे १८५ मिलिमीटर रुंद आणि भिंतीची उंची त्याच्या साठ टक्के. त्या काळी हे चाक रुबाबदार होतं. आता शेजारी कुठलीही साधी घरगुती गाडी येऊन उभी राहिली तरी तिची चाकं १६ किंवा १७ इंची असतात, आणि माझी गाडी लहान भावाचे बूट घालून आल्यासारखी दिसते.

आणि ती फट. टायरचा माथा आणि वरची पत्र्याची कमान यांच्यात माझी तीन बोटं जातात. दोन गेली असती तर चाललं असतं. समोरच्याच्या दातात अडकलेलं काहीतरी एकदा दिसलं की मग त्याचं बोलणं ऐकूच येत नाही, तसं झालंय. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांच्या कमानींत मी चालता चालता मनातल्या मनात बोटं घालून बघतो. सोबतच्या माणसाला वाटतं मी विचारात आहे.

खरी गंमत अशी की रिम मोठी केली तरी ही फट फारशी भरत नाही. रिम वाढली की टायरची भिंत तेवढी पातळ करायची, म्हणजे चाकाचा एकूण घेर तोच राहतो, असा हा हिशेब. चौदावर टायरची भिंत १११ मिलिमीटर. सतरावर २०५/४० घातला तर ८२. सगळी कसरत करून चाक वरच्या बाजूला वाढतं फक्त ९ मिलिमीटर, अर्ध्या बोटाहून थोडं जास्त. बाकी सगळी नजरबंदी. काळ्या रबराच्या जागी चकचकीत धातू आला की डोळ्याला वाटतं, भरलं. फट बुजवायची असेल तर गाडी खाली बसवायला हवी, पण तो वेगळा रोग आहे आणि तूर्तास मला झालेला नाही.

लहानपणी मी गाड्या काढायचो. चाकांसाठी नाणं ठेवून गोल करायची पद्धत, पण नाण्याने समाधान व्हायचं नाही. मग शाईच्या बाटलीचं झाकण. त्या झाकणाने काढलेली चाकं दारांच्या अर्ध्यापर्यंत यायची, आणि काय दिसायची! एकदा दादाने वहीत डोकावलं. त्याला चित्रकला वगैरे काही कळत नसे. तो म्हणाला, "ही गाडी वळणार कशी?" मी चिडलो. चित्रातल्या गाडीला कुठे वळायचं असतं? पण नंतर कितीतरी दिवस मी नाण्यावर आलो होतो, एवढं आठवतंय.

पुढे मोठेपणी कळलं की चाकाची पत्रिका असते आणि ती इंचांवर संपत नाही. सहा जे बाय चौदा, म्हणजे सहा इंच रुंद, ईटी ३८, चार बाय शंभर, मधलं भोक ५७.१. चार बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. यातला एकेक आकडा जुळायला लागतो. फियाटचं वर्तुळ ९८ चं. दोन मिलिमीटरचाच फरक, त्यामुळे रिम हातात धरून लावून बघितली तर बसेल असंच वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. ईटी हे लघुरूप जर्मन शब्दाचं, पण माणसं तो आकडा गोत्रासारखा सांगतात. रिमच्या मधल्या रेषेपासून तिचा हबला, म्हणजे ती जिथे बोल्टने आवळतात त्या भागाला, टेकणारा भाग किती बाहेर आहे, एवढाच त्याचा अर्थ. हा आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. स्टिअरिंगचं वागणं यावर बदलतं, बेअरिंगवरचा भार बदलतो, आणि इंचांच्या नादात याच्याकडे कोणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

एका मित्राकडे १७ इंची चाकांचा एक संच टायरसकट पडून होता. त्याने आपण होऊन दिला, "लावून तर बघ." बोल्ट जुळत होते. दुसरं काही विचारायचं मला सुचलं नाही. चढवायच्या आधी मी एक चाक उचलून घरातल्या वजनकाट्यावर उभा राहिलो, मग चौदाचं एक काढून तेही उचलून उभा राहिलो. प्रत्येकी साडेतीन किलोचा फरक. बायकोने आतून विचारलं, "आणि तुझं स्वतःचं किती आलं?" त्या आकड्याचा या लेखाशी संबंध नाही. पण स्प्रिंगच्या खाली लटकणारं, आणि शिवाय फिरणारं वजन ते, तेही मुख्यतः कडेला. डिकीत साडेतीन किलोची पिशवी ठेवणं आणि चाकात साडेतीन किलो वाढवणं यात फार अंतर आहे.

चढवली. काय सांगू. त्या संध्याकाळी काहीतरी विसरल्याच्या निमित्ताने मी सहा वेळा खाली जाऊन आलो. शाईच्या बाटलीचं झाकण पुन्हा हातात आल्यासारखं वाटत होतं.

सकाळी चालवायला काढली. पहिल्या शंभर मीटरमध्ये रस्त्याने आपला सगळा जीवनवृत्तांत माझ्या मणक्याला सांगितला. डांबरात चाकोरी पडली होती तिथे गाडी मला न विचारता तिच्यामागे जायला लागली. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जो उत्साह असायचा तो कुठे गेला कळेना. आणि पहिल्याच बेताच्या वळणावर, एका खड्ड्यासकट, मागून आवाज आला: खर्र.

घरी येऊन रिमच्या आतल्या बाजूचे आकडे वाचले. सात जे, ईटी ३०. म्हणजे ८ मिलिमीटर इथून बाहेर, एक इंच जास्त रुंद म्हणून कडेला साडेबारा तिथून. दोन सेंटिमीटर चाक बाहेर आलेलं. ही गाडी वळणार कशी? दादाला फोन करून सांगावं असं एक क्षण वाटलं, पण त्याला ते वहीतलं चित्र आठवत असणं शक्य नाही.

एक फायदा मात्र झाला असता. घेर तीन टक्क्यांनी वाढल्यामुळे १०३ किलोमीटर धावलं तर मीटर १०० च दाखवणार. वय चोरायची इतकी सोपी सोय माणसाला नाही.

चाकं परत केली. मग मनाची समजूत घालायला मी इतिहास काढून बसलो. १९५९ साली आलेल्या मिनीची चाकं १० इंची. तसल्याच चाकांवर मिनी कूपरने १९६४ ची माँटे कार्लो रॅली जिंकली. फॉर्म्युला वनच्या गाड्या २०२१ पर्यंत १३ इंची रिमवर पळत होत्या, माझ्याहून एक इंच लहान! नियमच तसा होता म्हणा, पण हे कोणाला सांगताना मी तेवढं गाळतो. २०२२ मध्ये तेही अठरावर गेले. आणि ज्यांच्या जुन्या गाड्यांना मिशलॅनच्या टीआरएक्स टायरसाठीच्या ३९० मिलिमीटरच्या रिम आहेत, त्यांची आठवण काढली की मला माझं दुःख एकदम हलकं वाटतं. पंधरा इंच म्हणजे ३८१, सोळा म्हणजे ४०६. त्यांना ना इकडचा टायर बसत ना तिकडचा.

खरं तर उत्तर ठाऊक आहे. पंधरा. त्यावर १९५/५०, भिंत साडेसत्त्याण्णव, एकूण व्यासात मूळ चाकापेक्षा जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक. मीटर खरं बोलेल, पत्र्याला काही घासणार नाही, चौदापेक्षा टायरही निवडून घेता येतील. कोणत्याही शहाण्या माणसाला विचारा, पंधराच म्हणेल. म्हणूनच बहुधा वर्षभर माझ्याकडून ते घेतलं गेलेलं नाही. पंधराकडे बघायला सहा वेळा खाली कोण जाणार? आणि चालवताना चाक दिसतच नाही. दिसतं ते फक्त खाली उतरल्यावर, आणि आता मी गाडी चालवतो त्याहून जास्त वेळ तिच्यासमोर स्टुलावर बसलेला असतो.

तर परवा असाच बसलो होतो. मुलगी परत आली, या वेळी उकिडवी बसली आणि टायरवरची अक्षरं बोटाने वाचू लागली.

"बाबा, हा टायर १९१४ चा आहे?"

मी हसलो. तिला सांगितलं की पहिले दोन आकडे आठवड्याचे असतात आणि पुढचे दोन वर्षाचे. एकोणिसावा आठवडा, २०१४. हे बोलून झाल्यावर मी मनात वजाबाकी केली. मग उठून चारही टायर बघितले. नक्षी भरपूर शिल्लक होती, गाडी फिरतेच किती. पण भिंतीवर केसाएवढ्या भेगा होत्या, आणि नख दाबलं तर रुतत नव्हतं. वर्षभर मी इथे इंच मोजत बसलो होतो.

गेल्या पावसाळ्यात एका वळणावर गाडी हातभर सरकली होती. मुलगी माझ्या शेजारच्या सीटवर होती. घाबरली नाही, उलट म्हणाली, "परत कर." मी तेव्हा रस्त्याला शिव्या दिल्या होत्या.