भाडेकरारातलं ‘सेव्हरली’

इंग्लंडमध्ये चौघांनी मिळून घर भाड्याने घेतलं की करारात हमखास एक जोडी येते: ‘जॉइंटली अँड सेव्हरली लायेबल’. ‘सेव्हरल’ म्हणजे ‘बरेच’ हे शाळेत पाठ झालेलं असतं. त्यामुळे ‘सगळ्यांत मिळून वाटून’ असा अर्थ लावून लोक सही ठोकतात. अर्थ नेमका उलटा आहे.

मूळ लॅटिन ‘सेपरारे’. ‘से’ म्हणजे अलग, ‘परारे’ म्हणजे सिद्ध करणं. त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘सेपरालिस’ आलं आणि इंग्लंडच्या कोर्टकचेऱ्यांत चालणाऱ्या फ्रेंचमधून ते ‘सेव्हरल’ होऊन इंग्रजीत उतरलं. तेव्हा अर्थ एकच: वेगळा, स्वतंत्र. वेगवेगळे म्हटले की एकाहून जास्त आलेच, म्हणून सोळाव्या शतकापासून ‘बरेच’. बोलण्यातला जुना अर्थ झिजला, वकिलांनी तो सोडला नाही. शेवटचं ‘ली’ मात्र लॅटिन नव्हे, अस्सल जुनं इंग्रजी. (याच कुळातलं फ्रेंच ‘सेव्रे’ आज बाळाचं अंगावरचं दूध तोडण्याला वापरतात.)

तर ‘सेव्हरली’ म्हणजे एकेकटा. आणि ‘जॉइंटली’शी जोडी जमली की सगळे मिळून जबाबदार आणि एकेकटाही, तोही पूर्ण रकमेला. समजा भाडं महिना 2,000 पौंड, प्रत्येकी 500. एकजण मध्येच भारतात परतला. घरमालकाला त्याचा वाटा तिघांत वाटत बसायची गरज नाही. ज्याच्याकडून वसूल होईल त्या एकाकडे तो वाटा मागता येतो, आणि कोणीच भरलं नाही तर त्या एकाकडे अख्खे 2,000 सुद्धा. ‘मी माझे भरले’ हे उत्तर चालत नाही. जादा भरलेलं मित्राकडून मागायचा हक्क असतो, पण मित्र नाशिकला पोचल्यावर त्याचा उपयोग किती, ते ओळखा.

अनामतही सहसा एकत्रच. वार्षिक भाडं 50,000 पौंडांखाली असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, म्हणजे इथे साधारण 2,307 पौंड. एकाने गालिचा जाळला तरी कपात त्याच रकमेतून.

सहीआधी खोलीपुरता स्वतंत्र करार मिळतो का ते विचारा. सर्वांत जास्त फसगत जामीनपत्रात होते: ‘अमुक भाडेकरूच्या वाट्यापुरतीच हमी’ असं लिहून घेतलं नाही, तर पुतण्यासाठी केलेली काकांची सही चौघांच्या भाड्याला लागू शकते. एकेकट्याने पूर्ण रकमेला बांधलं जाणं सहकर्जदार म्हणून गृहकर्जावर सही केलेल्यांना नवं नाही. आपल्या 1872 च्या करार कायद्याचं कलम 43 हेच सांगतं, फक्त मराठी दस्तात ते ‘संयुक्तपणे व पृथकपणे’ असं सरळ लिहिलेलं असतं.