एका सहीसाठी 19 दिवस

इंग्रजी, संभाषण, नाट्य आणि ग्रंथालय अशा चार विषयांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम मी यंदा बडोद्यात पूर्ण केला. प्रवेश, परीक्षा, तोंडी सगळं वेळेवर झालं. गुणपत्रिका मात्र ग्रंथालयाच्या एका सहीपायी 19 दिवस अडकली, आणि तो राग अजून गेलेला नाही.

नो ड्यूजच्या, म्हणजे कुठल्याही विभागाचं काही देणं नाही अशा फॉर्मवरच्या बाकी सह्या एका दुपारीच मिळाल्या. ग्रंथालयाच्या खिडकीवरचे भाई संगणकात बघून म्हणाले, "बेन, एक पुस्तक बाकी छे." वार्षिक प्रयोगासाठी मी घेतलेली इंग्रजी नाटकाची प्रत. ती तर मी प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी परत केली होती! त्या दिवशी काउंटरवर गर्दी होती, भाई "मूकी दो" (ठेवून द्या) म्हणाले, मी ठेवून निघाले. कार्डावर परतीचा शिक्का घेतला नाही. तुम्ही घ्या. मागे कितीही लोक खोळंबलेले असोत, शिक्का पडल्याशिवाय हलू नका.

मग रोज दांडिया बाजारातून निघायचं, अकरा वाजता खिडकीशी उभं राहायचं आणि "काले आवजो" (उद्या या) ऐकून घरी यायचं. तीन अर्ज दिले. पुस्तक आता छापत नाहीत, त्यामुळे दंड किती हे कोणी सांगेना, साहेब रजेवर. इकडे शाळेतल्या ग्रंथपालाच्या जागेसाठी गुणपत्रिका द्यायची मुदत जवळ येत चाललेली. आई म्हणाली, "काय मागतील ते भर आणि मोकळी हो." पण परत केलेल्या पुस्तकाचे पैसे मी का भरू? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या 1931 च्या पाच नियमांतला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. तो मी पेपरात दीड पान लिहून आले होते, म्हणून तर जास्तच लागलं. (हे नियम पाठ करू नका. प्रत्येकाला आपल्या ग्रंथालयातलं एक उदाहरण शोधा, लिहायला आपोआप सुचतं.)

सोळाव्या दिवशी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीची आमची भेट आठवली. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून घेतलं, त्यांच्या हातून उभं राहिलेलं हे ग्रंथालय. तिथे लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, वरचा उजेड खाली झिरपतो. त्या काचेवर उभं राहून आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या, चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलंच पुस्तक.

इंग्रजी नाटकाचा ड्युई वर्गांक, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायचा आकडा, 822. आमच्या ग्रंथालयातली ती रांग मी आधीच दोनदा पाहिली होती. आता हा आकडा चुकून कसा वाचला जाईल ते वहीत लिहून काढलं: 832 जर्मन नाटक, 842 फ्रेंच, 882 प्राचीन ग्रीक. तीन दिवस परवानगीसाठी गेले. आत गेले तर ग्रीकची रांग अगदी तळाला, वरची ट्यूबलाइट बंद. मोबाईलचा टॉर्च लावून गुडघ्यावर बसले. चौथंच पुस्तक माझं होतं. पाठीवरच्या लेबलावरची चिकटपट्टी तपकिरी झाली होती आणि पहिल्या 2 ची शेपटी वर वळून त्याचा 8 झाला होता.

काउंटरवर नेलं. भाईंनी आतल्या ठरलेल्या पानावरचा दाखल क्रमांक (प्रत्येक प्रतीचा वेगळा असतो) नोंदवहीशी ताडून पाहिला, काही न बोलता सही केली. मला रडूच आलं. मुदतीला दोन दिवस उरले होते.

संभाषणाच्या तोंडीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: आपण 'डेव्हलप'मध्ये पहिल्या अक्षरावर जोर देतो, तो दुसऱ्यावर हवा. रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचून फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. नाटकाच्या तालमीत कोणाला तरी शेवटच्या रांगेत बसवा, त्याला शब्द पोचला तरच पोचला. आणि नो ड्यूजचा फॉर्म परीक्षेआधीच भरायला घ्या, म्हणजे अडलं तरी हातात दिवस असतात.

निघण्यापूर्वी भाईंकडून कोरं लेबल मागून घेतलं. 822 ठळक काळ्या शाईनं लिहिलं, चिकटवलं, आणि पुस्तक त्याच्या रांगेत स्वतः ठेवून आले.