तुम्ही विचारलंत म्हणून: दुधातुपाच्या गुजरातेत भूक कुठे सापडते?

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी पाहुणे आले, की चहा येईपर्यंत कोणीतरी हा प्रश्न काढतेच. मी बडोद्याचीच. महाराजा सयाजीराव विद्यापीठात पोषणशास्त्र शिकले, पुढे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली, आणि गेली चौदा वर्षे गरीब वस्त्यांमधली अन्नाची ददात आणि आरोग्यातली विषमता यांचा अभ्यास करते आहे. विचारणाऱ्यांच्या बोलण्यात टोमणा नसतो. ज्या राज्यात दुधाचा महापूर आहे तिथली उपासमार त्यांना खरोखरच कधी दिसलेली नसते. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, गुजरातेतल्या पाच वर्षांखालच्या 39 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली; देशाचा आकडा 35.5 टक्के होता. 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी देशात 57 टक्के, तर गुजरातेत 65 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. सहा महिने ते दोन वर्षे या वयात पुरेसा आणि चौरस आहार मिळणारी मुले शंभरात जेमतेम सहा निघाली. तरी ही भूक डोळ्यांना दिसत नाही, कारण चूल रोज पेटते आणि पोटही बहुधा भरते. पाहायचे असते ते हे, की ताटातून काय, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या ताटातून नाहीसे होते. मी पाहिलेल्या घरांत आधी दूध चहापुरते उरते, मग भाजी एक दिवसाआड होते, मग डाळ इतकी पातळ होते की तिला डाळ म्हणणे जिवावर येते, आणि अखेरीस रोटला, म्हणजे इकडची जाड भाकरी, व मिरची एवढेच राहते. हा क्रम घरातल्या बाईच्या ताटात सर्वांच्या आधी सुरू होतो. माझी आजी सगळ्यांची पाने उठल्यावर जेवायची आणि मला ते घराचे वळण वाटायचे. तिच्या ताटात काय उरलेले असे, हे मी एकदाही पाहिले नाही, याची मला आज खंत वाटते.

हे मोजायचे कसे? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्यासाठी आठ प्रश्न ठरवून दिले आहेत. अन्न पुरणार नाही अशी चिंता वाटली का, इथपासून पैशाअभावी अख्खा दिवस उपाशी राहावे लागले का, इथपर्यंत ते क्रमाक्रमाने कठीण होत जातात. सुरुवातीच्या एका सर्वेक्षणात विश्वामित्री नदीच्या काठच्या एका वस्तीत मी ते भरदुपारी, सासू शेजारी बसलेली असताना, सुनेला विचारले. 'गेल्या महिन्यात एखादे जेवण टाळावे लागले का?' या प्रश्नाला तिने नकार दिला आणि मी 'नाही' या रकान्यात खूण केली. निघताना ती मला पोचवायला गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि सहज म्हणाली, की ती सोमवार करते, गुरुवार करते, आणि महिनाअखेरीस शनिवारही करते. महिन्याच्या सुरुवातीला शनिवार का नाही, असे विचारल्यावर ती गप्प झाली. माझी खूण चुकली होती. देवाच्या नावाने केलेला उपवास आणि डबा रिकामा म्हणून केलेला उपवास प्रश्नावलीत एकच दिसत होता, किंबहुना दिसतच नव्हता. तेव्हापासून आम्ही उपवासाबद्दल वेगळे विचारतो, महिन्याच्या कोणत्या आठवड्यात हेही विचारतो, आणि बाई एकटी असेल तेव्हाच विचारतो.

दुसरी अडचण रेशनची. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या, म्हणजे रेशनसाठी पात्र ठरलेल्या गरीब घरातल्या, दर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते, आणि 2023 पासून ते मोफत आहे. याचा आधार फार मोठा आहे. तो नसता तर मी वर सांगितलेला क्रम कितीतरी घरांत रोटल्यापाशीही थांबला नसता. पण धान्याने डाळ, भाजी, दूध यांची जागा भरत नाही. शिवाय दाहोद आणि छोटा उदेपूरकडून बडोद्यात बांधकामावर येणाऱ्या कुटुंबांचे कार्ड गावी म्हाताऱ्यांजवळ असते. आता कार्ड कोणत्याही गावी चालते आणि धान्य दोन ठिकाणी वाटून उचलताही येते हे खरे, पण इथे जेवढे उचलावे तेवढे तिथल्या म्हाताऱ्यांच्या घरातून कमी होते.

अंगणवाडीचेही तसेच. मुलांना घरोघरून गोळा करून आणणाऱ्या मदतनीस बाईला इथे तेडागर म्हणतात, आणि ती आपल्या हद्दीतले प्रत्येक मूल ओळखते; मात्र चार महिन्यांसाठी उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या झोपड्या बहुधा कोणाच्याच हद्दीत येत नाहीत. अशाच एका झोपडीत दीड वर्षाच्या मुलीच्या दंडाला मी मापाची पट्टी गुंडाळली, तेव्हा आकडा 11.3 सेंटिमीटर आला. 11.5 च्या खाली पट्टी लाल होते, आणि लाल म्हणजे तीव्र कुपोषण. पोषण पुनर्वसन केंद्रात दोन आठवडे राहावे लागेल, असे मी तिच्या आईला सांगितले. तिने शांतपणे विचारले, की मोठ्या मुलाला कोणाजवळ ठेवू आणि माझी रोजी कोण भरून देईल. माझ्या शास्त्रात याला आरोग्यातली विषमता म्हणतात: उपचार फुकट असतो, आणि तरीही तो परवडत नाही. त्या दिवशी तेडागरबाईने मोठ्याला आपल्याकडे ठेवून घेतले, म्हणून ती मुलगी केंद्रात पोचली. अशा ठेवून घेण्याची सोय योजनेतच असावी, हे मी तेव्हापासून प्रत्येक अहवालात लिहीत आले आहे.

तर भूक कुठे सापडते, असे विचारलेत तर माझ्याबरोबर सकाळी कडियानाक्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर कामाची वाट पाहत उभे राहतात त्या चौकात, या. दहा वाजेपर्यंत ज्यांना मुकादमाने उचललेले नसते, ती माणसे तिथेच फुटपाथवर डबे उघडतात. बायका आपला रोटला मोडून आधी मुलाच्या हातात देतात. डब्यात दुसरे काय आहे, तेवढे फक्त पाहा.