तुम्ही विचारलंत म्हणून: सिंगापूरचे लोक नेमकं कुठे जेवतात?

व्हिसा हातात पडायच्या आधी लोकांचा मला मेसेज येतो. मजकूर थोडा इकडेतिकडे, पण मागणी एकच: "हॉटेलं-बिटेलं नकोत, टुरिस्टांचं तर मुळीच नको. तिथले लोकल लोक जिथे साधं, पारंपरिक खातात ती ठिकाणं सांग. तू तर आता तिथलीच." शेवटचं वाक्य म्हणजे लाडीगोडी, हे मला कळतं. मी काहीबाही सांगून वेळ मारून नेते, आणि मग "हल्ली फार भाव खाते" असं माझ्यामागे बोललं जातं. तेव्हा एकदा नीट सांगून टाकते.

सिंगापूरचे लोक घराखाली जेवतात.

बस्स, हेच उत्तर. इथली बहुतेक माणसं सरकारने बांधलेल्या उंच ब्लॉकमध्ये राहतात. कुठल्याही वसाहतीत चालत जाण्याच्या अंतरावर एखादं हॉकर सेंटर असतं, नाहीतर ब्लॉकच्याच तळमजल्यावर कोपीटियाम. हॉकर सेंटर म्हणजे खाण्याच्या स्टॉलांची सरकारी जागा, वर छप्पर, चारी बाजूंनी उघडं, बरेचदा शेजारी मासळी-भाजीचा बाजार. कोपीटियाम खासगी, मालक एक, आत भाड्याने दिलेले पाच-सहा स्टॉल, आणि चहा-कॉफी बहुधा मालकाची स्वतःची. आम्ही तोआ पायोला राहतो. लिफ्टने खाली उतरायचं, छपराखालच्या वाटेने जायचं, आलंच. सकाळी तिथे शाळेच्या गणवेशातली मुलं, बाजाराची पिशवी पायाशी ठेवून नूडल्स खाणाऱ्या आज्या, रात्रपाळी संपवून आलेले टॅक्सीवाले आणि पेपर उघडून दोन तास एकाच कपावर बसलेले आजोबा असे सगळे असतात. यातलं कोणीही "चला, आज पारंपरिक खाऊ" म्हणून आलेलं नसतं. भूक लागली आणि वाटेत स्टॉल आहे, एवढंच.

हे उत्तर कोणालाही आवडत नाही. लोकांना नाव हवं असतं, शक्य झाल्यास स्टॉलचा नंबरही. बरं, घ्या नावं. चिकन राइससाठी मॅक्सवेल. चायनाटाउन कॉम्प्लेक्स, जिथे दोनशेच्या वर स्टॉल आहेत आणि पहिल्यांदा गेलेला माणूस हमखास हरवतो. ओल्ड एअरपोर्ट रोड. मलाय जेवणासाठी गेलांग सराई. बिर्याणी आणि पराठ्यासाठी टेक्का. संध्याकाळी साते, म्हणजे काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेलं मांस, खायला लाउ पा सात. झालं समाधान? यातलं एकही नाव गुपित नाही, आणि यातल्या प्रत्येक ठिकाणी इथलीच माणसं जेवतात. मॅक्सवेलला दुपारी बाराला जाऊन बघा, रांगेत गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवलेलीच मंडळी जास्त. २०१६ मध्ये इथल्या दोन हॉकर स्टॉलना मिशलिन या नामांकित रेस्टॉरंट गाइडचा एकेक तारा मिळाला. आदल्या दिवशी ते स्टॉल "लोकल" होते आणि दुसऱ्या दिवशी "टुरिस्टी" झाले की काय? रांग लांबली, हे खरं. पण रांगेला हा देश कधी घाबरलेला नाही. उलट रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग कसली आहे ते विचारायचं, अशी इथली रीत.

मग येतो दुसरा मेसेज. "आणि हो, आम्ही शुद्ध शाकाहारी."

इथे मी फोन उलटा ठेवते. मला शाकाहाराचा राग नाही, माझी आई आयुष्यभर शाकाहारी होती. पण "लोकल" आणि "शुद्ध" हे दोन्ही एका दमात मागताना आपण काय मागतोय ते एकदा बघावं. इथल्या नुसत्या पालेभाजीतही ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, पडतो. सांबल नावाच्या लाल चटणीत बहुतेकदा सुकट वाटलेली असते. नूडल्सवर भाज्या दिसल्या तरी खालचं पाणी हाडांचं. वाट नाही असं नाही, पण ती यादीत सापडत नाही. बऱ्याच हॉकर सेंटरांत एखादा चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल असतो. तिथे सकाळी तांदळाच्या शेवयांसारखी बी हून परतून देतात, सोबत कोबी आणि सोयाबीनच्या सायीचं तळलेलं काहीतरी. पुष्कळ ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. चिनी पंचांगाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथे झुंबड उडते, कारण एरवी सगळं खाणारी कितीतरी माणसं त्या दिवशी मांसाहार करत नाहीत. आपल्याकडे गुरुवारी खाणावळीत थाळी बदलते, तसंच. याहून पारंपरिक, याहून साधं, याहून लोकल काय दाखवू? पण मी हे सांगितलं की समोरून येतं, "अगं, पण चायनीज ना? भांडी तीच असतील." मग मी सेरंगून रोडवरचं कोमला विलास सांगते. ते १९४७ पासून आहे, डोसा चांगला असतो, आणि पाहुणे परत गेल्यावर सांगतात, सिंगापूरला खायचे काही हाल झाले नाहीत.

आता मूळ गोष्ट. ती सांगितल्याशिवाय माझा वैताग समजणार नाही.

सासरकडचे एक वडीलधारे पाहुणे पत्नीसह आले होते. नातं सांगत नाही, ओळखू येतील. आम्ही सगळं खातो, आम्हाला अस्सल दाखव, असं त्यांनीच बजावलं होतं. मला मनापासून आनंद झाला. रविवारी सकाळी मी त्यांना ब्लॉकखालच्या सेंटरमध्ये नेलं, म्हणजे मी स्वतः जिथे खाते तिथे. त्यांना म्हटलं, तुम्ही जागा बघा, मी घेऊन येते.

च्वी क्वेच्या स्टॉलवर एक आंटी आहेत. तांदळाच्या पिठाचं पातळ मिश्रण पणतीएवढ्या वाट्यांतून उकडतात. आंटी चपट्या पट्टीने वाटीची कड सोडवतात, पांढरी वडी कागदावर पालथी पडते, मधल्या खळग्यात किंचित पाणी थरथरत असतं. त्यावर तेलात परतलेला खारवलेला मुळा आणि बाजूला तिखट. मला बघितलं की त्या न विचारता मुळा जास्त घालतात. पुढे कोपीवाले अंकल. ते कापडी मोज्यासारख्या लांब गाळणीतून काळी कॉफी हातभर उंचीवरून ओततात. कपाच्या तळाशी आटवलेलं दूध आधीच घातलेलं असतं. तुम्ही "कोपी सी, सिउ दाय" म्हणालात तर डब्यातलं बिनसाखरेचं दूध आणि साखर बेताची. मी दोन ट्रे भरून निघाले.

तर पाहुणे बसले होते. टेबलावर टिश्यूचं पाकीट होतं, त्यातला एक कागद काढून त्यांनी स्टूल पुसलं, दुसऱ्याने टेबल, तिसऱ्याने कपाळ. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: टेबलावर टिश्यूचं पाकीट म्हणजे बसमधल्या सीटवरचा रुमाल. जागा धरलेली आहे, माणूस रांगेत आहे. याला इथे चोप करणं म्हणतात आणि ते मोडलेलं मी तोवर कधी पाहिलेलं नव्हतं. मी पोचेपर्यंत त्या पाकिटाचे धनी, सत्तरीच्या पुढचे एक आजोबा, हातात वाफाळत्या माशाच्या सूपचा ट्रे घेऊन टेबलाशी उभे होते. काही बोलत नव्हते. मी "सॉरी अंकल, सॉरी" करत राहिले. ते म्हणाले, "नेव्हर माइंड, नेव्हर माइंड, यू ईट," आणि ट्रे सांभाळत पलीकडे दुसऱ्यांच्या टेबलाला चिकटून बसले. पाहुण्यांना मी हळूच समजावलं. ते म्हणाले, "टिश्यूवर त्याचं नाव लिहिलंय का?"

हेही मी गिळलं असतं. पण मग त्यांनी एकवार आजूबाजूला पाहिलं. ओली फरशी, वर गरगरणारे पंखे, शेजारच्या टेबलावर बनियनवर बसलेले एक गृहस्थ. च्वी क्वेत काडी खुपसून ती तशीच सोडली आणि चारचौघांत ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "एवढी वर्षं राहून तू इथे जेवतेस? आम्हाला वाटलं होतं तुमचं बरं चाललंय."

आंटींना मराठी येत नाही, पण चेहरा वाचायला भाषा लागत नाही. त्या आमच्याकडेच बघत होत्या. नंतर कितीतरी दिवस मी त्या स्टॉलला वळसा घालून जात होते. पाहुण्यांच्या पत्नीने मात्र मान खाली घालून सगळ्या वड्या संपवल्या आणि मला खुणेने विचारलं, अजून मिळतील का. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पुढे एका लग्नात कळलं की "सिंगापूरला जाऊनसुद्धा आम्हाला टपरीवर नेलं" हा किस्सा सगळीकडे झाला आहे.

टपरी! यावर माझं रीतसर उत्तर तयार असतं. हे सगळे स्टॉलवाले पूर्वी रस्त्यावरच होते. १९७१ ते १९८६ या काळात सरकारने सेंटरं बांधून त्यांना नळ, सांडपाणी, वीज आणि छप्पर दिलं. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. सप्टेंबर २०२१ पासून इथे आपला ट्रे आपण उचलून ठेवायचा हा नियम मोडला तर आधी लेखी ताकीद मिळते, पुन्हा मोडला तर दंड. ट्रे ठेवायच्या मांडण्यासुद्धा हलाल आणि बिगरहलाल अशा वेगळ्या असतात, भांड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून. असलं सगळं मी घडाघडा बोलते. पण बोलताना जाणवतं, मी वकिली करतेय. युनेस्कोने शिक्का मारला म्हणून का आंटींच्या वड्यांना चव आली? आणि नसता मारला, तर पाहुण्यांचं बरोबर होतं का? टपरी असती तरी काय बिघडलं असतं? मी दादरची. स्टेशनबाहेर उभ्याने वडापाव खाऊन मोठी झाले. आपल्याकडे टपरीवर खाल्लं की कौतुकाने सांगतात आणि परदेशातल्या माणसाने तेच केलं की त्याची कीव करतात, हे गणित मला सुटलेलं नाही.

आता खरं सांगायचं तर ते वाक्य एवढं लागलं, कारण ते मला ओळखीचं होतं. इथे नवी आले तेव्हा मीही अनोळखी माणसाच्या टेबलावर बसायला बिचकत असे. एसी असलेला फूडकोर्ट बघायची. आणि जरा रुळल्यावर त्याच्या अगदी उलट! मग मला फक्त "अस्सल" हवं झालं. याद्या केल्या, अमुक स्टॉलचं लाक्सा, तमुकचं नासी लमाक, सगळं वहीत. कोणी पाहुणा आला की त्याला बसने बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. तेव्हाच्या त्या मुलीला, म्हणजे मलाच, आज भेटले तर ती मला विचारील, "आता स्वतःला सगळं माहीत झालं म्हणून दुसऱ्यांना नावं सांगत नाहीस होय? शोधाशोध केली नसतीस तर खालच्या आंटी तरी सापडल्या असत्या का?" मी म्हणेन, आंटी यादीत नव्हत्या. ती म्हणेल, पण यादीने तुला खाली उतरायची सवय लावली. बाई मोठी बोलकी होती.

आणि "तू तिथलीच" हे तरी कितपत खरं? शेजारच्या चिनी आंटी मला विचारतात, चांगला तोसई, म्हणजे डोसा, कुठे मिळतो. बँकेतला मुलगा विचारतो, लिटल इंडियात तुमचे लोक कुठे जेवतात. मी मराठी, माझं जेवण लिटल इंडियातल्या कुठल्या पाटीवर सहसा नसतं, हे त्यांना कुठे समजावू? मीही कोमला विलासच सांगते. म्हणजे तुमच्यासाठी मी इथली, त्यांच्यासाठी तिथली, आणि दोघांना पत्ता एकच देते.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, "आंटींनंतर तो स्टॉल कोण चालवणार? मुलगी ऑफिसात, ती काही पहाटे उठून पीठ कालवणार नाही. हॉकरांचं वय साठीच्या आसपास, नवीन माणसं येत नाहीत, भाडं आणि तांदूळ महाग. तू नाव लपवून कोणाचं भलं करतेस? चार टुरिस्ट आले तर चार प्लेटा जातील." मी म्हणते, चार टुरिस्ट एक प्लेट घेतील, तिचे दहा फोटो काढतील आणि तासभर टेबल अडवतील. तो म्हणतो, एक तरी जाईल ना. मग मी म्हणते, आणि त्यातला एखादा आंटींसमोर तसाच चेहरा करील त्याचं काय? तो म्हणतो, आंटींनी आयुष्यभर गिऱ्हाइकांचे चेहरेच बघितलेत, त्यांना तुझ्याइतकं लागत नाही.

लागत नसेलही. मी विचारलेलं नाही.

पुढच्या महिन्यात नाशिकहून त्याच्या मावसभावाचं कुटुंब येतंय. मेसेज आला, तोच. या वेळी मी तो जसाच्या तसा नवऱ्याला पाठवून दिला. खाली त्यांना तो नेणार आहे. मी त्या वेळी टेक्काला जाऊन भाजी आणीन.