टिकली लावावी तितकंच

टॅब नवा असतो तेव्हा घरातलं कुणीतरी शेजारी बसून शिकवायला घेतं आणि पहिल्याच वाक्याला चुकतं. "आई, इथे दाब." आई दाबते. दारावरची बेल दाबावी तशी, आतल्या खोलीत ऐकू जाईल इतकी. पडद्यावरचं चित्र उघडायच्या ऐवजी जागच्या जागी फुगतं, त्याला बारीक अक्षरांची एक यादी लोंबकळायला लागते. शिकवणारा म्हणतो, "अगं, एवढं जोरात नाही." आई पदराला हात पुसते आणि मागे सरते.

दोष आईचा नाही, क्रियापदाचा आहे. बटण म्हटलं की आपण ते दाबतो. मिक्सरचं, लिफ्टचं, रिमोटचं. सेल उतरलेल्या रिमोटचं तर दातओठ खाऊन. काम होत नसेल तर जोर वाढवायचा, हे हाताचं वळण इतक्या वर्षांचं आहे की एका दुपारीत ते जात नाही. आणि टॅबच्या काचेला जोर कळतच नाही. तिला तीनच गोष्टी कळतात: बोटं किती टेकली, किती वेळ टेकली आणि टेकल्यावर किती सरकली. सगळ्या खाणाखुणा याच तिन्हींतून निघतात.

काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड या वीज वाहणाऱ्या पारदर्शक द्रव्याची, डोळ्यांना न दिसणारी उभी-आडवी जाळी असते आणि तिच्यावर अगदी किंचित विद्युतभार असतो. बोटात पाणी आहे, मीठ आहे, म्हणून बोट जवळ आलं की त्यातला थोडा भार ते आपल्याकडे ओढून घेतं. हा फरक जाळीच्या कुठल्या चौकात पडला, एवढंच टॅब बघत बसलेला असतो, सेकंदाला साठेक वेळा तरी. नखात हा गुण नाही. त्यामुळे नखानं कितीही टोचलं तरी टॅब ढिम्म. पेनाच्या टोपणाचीही तीच गत. जुन्या काही टचस्क्रीनना मात्र खरोखरच दाब लागायचा. वरचा लवचिक पापुद्रा खालच्याला टेकला की काम व्हायचं, तिथे नखही चालायचं. तसले पडदे ज्यांनी वापरलेत त्यांचा हात आणखी जड पडतो. नुसत्या स्पर्शानं चालणारा पडदा ई. ए. जॉन्सन या इंग्रज इंजिनिअरनं १९६५ साली मांडला, माल्व्हर्नच्या रडार संशोधन केंद्रात, आणि त्याच्या डोळ्यांपुढे विमानांची वाहतूक सांभाळणारे लोक होते. त्या पडद्याला एका वेळी एकच बोट कळायचं. आईच्या टॅबला दहाही कळतात, आणि पुढे येईल तसं, बराचसा घोटाळा त्यातूनच होतो.

तर शब्द बदलावा. "दाब" म्हणू नये, "टेकव आणि उचल" म्हणावं. कपाळाला टिकली लावतो तेवढाच स्पर्श, तेवढाच वेळ. टिकलीवर बोट रेंगाळलं तर ती बोटालाच चिकटून परत येते. टॅबवर रेंगाळलं तर यादी लोंबकळते. बोटही टिकली लावताना असतं तसंच हवं, थोडं तिरकं, शेवटच्या पेराच्या मऊ गादीवर. तिरक्या बोटात काचेला लागणारा भाग नखाच्या टोकाच्या जरा खाली असतो, आपली नजर मात्र नखाच्या टोकावर असते. दोन बारीक ओळी एकाखाली एक असतील तर हमखास खालची उघडते, ती यामुळे. नेम थोडा वर धरावा.

या दोन क्रियांतली दुसरी जास्त महत्त्वाची आहे आणि ती कुणी सांगत नाही. काम बोट टेकवल्यावर होत नाही, उचलल्यावर होतं. अँड्रॉइडच्या, म्हणजे आयपॅड सोडून बहुतेक टॅब ज्या प्रणालीवर चालतात तिच्या, कॅल्क्युलेटरवर हे करून बघण्यासारखं आहे. सातावर बोट ठेवा; सात उमटत नाही. उचला, उमटला. आता पुन्हा ठेवा, पण उचलू नका, काचेवरूनच बाजूच्या मोकळ्या जागेत सरकवा आणि तिथे उचला. काहीच उमटलं नाही. म्हणजे 'डिलीट'वर चुकून बोट पडलं तर घाबरून झटकन उचलणं हाच खरा घात आहे. ठेवलेलं बोट तसंच बटणाच्या हद्दीबाहेर न्यावं आणि मग उचलावं. काही गेम याला अपवाद आहेत, पण रोजच्या कामात ही पळवाट बहुतेक सगळीकडे चालते. ज्याला ती सापडली त्याची टॅबची भीती निम्म्यावर येते, असा आमचा अंदाज आहे.

आता वेळेचा हिशेब. बोट साधारण ०.४ ते ०.५ सेकंद एका जागी राहिलं की अँड्रॉइड त्याला 'धरून ठेवणं' समजतं. दोनदा टेकवायचं असेल तर दोन्हींमध्ये ०.३ सेकंदाहून जास्त अंतर चालत नाही. अर्धा सेकंद म्हणजे "एक" हा आकडा सावकाश म्हणायलाही पुरत नाही. चष्मा सावरत, हेच ना ते चित्र, अशी खात्री करत टेकवलेलं बोट तेवढ्यात नक्की अडकतं. म्हणून खात्री आधी करावी, बोट हवेत असताना. काचेवर आल्यावर विचार करायला सवड नसते. हे जमत नसेल तर हाताला दोष न देता टॅबचं घड्याळ मंद करावं. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे वापर सोपा करणाऱ्या सोयींच्या, भागात 'टच अँड होल्ड डिले' असतं. प्रत्येक कंपनी ते वेगळ्या कप्प्यात ठेवते, तेव्हा सेटिंग्जमध्ये वर शोधायची जागा असते तिथे हेच शब्द घालावेत. त्यात 'लाँग' निवडलं की दीड सेकंदाची मुभा मिळते. आयपॅडवर ॲक्सेसिबिलिटी, मग टच, मग 'टच अकोमोडेशन्स' असा रस्ता आहे. हात कापत असेल तर तिथल्या 'होल्ड ड्युरेशन'नं ओझरते स्पर्श धरलेच जात नाहीत आणि 'इग्नोअर रिपीट'नं एकाच जागी चुकून दोनदा लागलेलं बोट एकदाच मोजलं जातं. नव्या टॅबवर पहिल्या दिवशी करायचं काम हेच. वॉलपेपर नंतर निवडता येतो.

अंतराचाही असाच बारीक हिशेब आहे. अँड्रॉइडच्या मूळ मापात बोट टेकल्यावर ८ एकक सरकलं की ते टेकवणं राहत नाही, सरकवणं होतं. १६० एककांचा एक इंच, म्हणजे ही मुभा झाली इंचाचा विसावा भाग, जेमतेम सव्वा मिलिमीटर. जोरात दाबणाऱ्याचं बोट पसरतं, घसरतं आणि ही सीमा ओलांडतं. "मी दाबलं तरी उघडत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. मग तो आणखी जोरात दाबतो, बोट आणखी घसरतं.

धरून ठेवणं वाईट नाही, पण ते मागच्या दारासारखं आहे. मुद्दाम जायचं असेल तेव्हाच जावं. व्हॉट्सॲपचा निरोप धरून ठेवला की तो निवडला जातो, वरच्या पट्टीत केराची टोपली आणि बाण येतात, आणि आता हे काय झालं म्हणून आणखी कुठेतरी टेकवलं की दुसराही निवडला जातो. वर डावीकडचा मागे जायचा बाण टेकवला की सगळं पूर्ववत. आयकॉन धरून बोट सरकवलं तर आयकॉनच जागा सोडतो. घरातून "माझा युट्यूब गेला" अशी हाक येते ती तेव्हाची. बहुतेक वेळा तो पुढच्या पानावर सरकलेला असतो किंवा दुसऱ्या आयकॉनवर पडून दोघांचा मिळून एक गठ्ठा झालेला असतो. 'रिमूव्ह'मध्ये गेला असला तरी अँड्रॉइडवर तो फक्त दर्शनी पानावरून उतरतो, सगळ्या ॲपच्या यादीत असतोच. 'अनइन्स्टॉल' केला तरच खरा गेला. काही टॅबवर होम स्क्रीनची मांडणी कुलूपबंद करायची सोय असते. नवशिक्याच्या टॅबला ते कुलूप लावून टाकावं.

सरकवण्यात दिशा चकवते. खालचा मजकूर वाचायचा तर बोट खाली ओढावं, असं कुणालाही वाटतं. ओढायचं वर. खिडकीच्या चौकटीमागे लांबलचक कागद लोंबतोय आणि चौकटीतून त्याचा एक तुकडा दिसतोय असं धरा. खालचा भाग दिसायला कागद वर ढकलावा लागतो. बोट कागदावर आहे, खिडकीवर नाही. यात एक पोटभेद आहे. बोट टेकलेलं ठेवून सावकाश वर नेलं तर कागद बोटाबरोबर येतो आणि बोट थांबलं की थांबतो. कॅरमच्या स्ट्रायकरला द्यावी तशी टिचकी देऊन सोडलं तर कागद आपल्या वेगानं धावत सुटतो. धावणारा कागद थांबवायला नुसतं बोट टेकवायचं. पळणाऱ्या यादीतलं नाव धावताधावता पकडायला जाऊ नये. पहिला स्पर्श थांबवण्यात जातो, निवडीसाठी दुसरा लागतो.

पानं उलटायला बोटाला थुंकी लावायची सवय इथे उलटते. ओला डाग काचेवर राहतो, काच त्यालाही बोट समजते, आणि टॅब अंगात आल्यासारखा वागतो. कणकेचा हात, चेहऱ्यावरचा घाम, पावसाळ्यात खिडकीतून आलेले चार थेंब, सगळ्यांचा परिणाम तोच. उलट थंडीत किंवा वयानं कातडी फार कोरडी झाली की काचेला बोट लागूनही कळत नाही. हात धुऊन पुसावेत किंवा चिमूटभर क्रीम चोळून दोन मिनिटांनी बसावं. टॅब चार्जिंगला असतानाच वेड्यासारखा वागत असेल तर आधी पिन काढून बघावी. हलक्या चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट त्या नाजूक जाळीला बोटांसारखाच वाटतो.

आणि अंगठा. टॅब दोन्ही हातांनी ताटासारखा धरला की डावा अंगठा काठावरून आत काचेवर येतो, धरणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. मग उजवं बोट टेकलं की टॅबच्या हिशेबी दोन बोटं. सरकवायला गेलं तर फोटो मोठा होतो, टेकवायला गेलं तर काहीच होत नाही. शिकताना टॅब हातात घेऊच नये. पोथीच्या ठवणीवर ठेवावा. ती त्याच कामासाठी आहे: मान न वाकवता तिरपं वाचायचं, हात मोकळे.

दोन बोटांची चिमटी रांगोळी येणाऱ्याला शिकवावीच लागत नाही. फक्त ती उलटी करायची असते. मोठं करायला मिटलेली बोटं टेकवून उघडायची, लहान करायला उघडी टेकवून मिटायची. दोन्ही बोटं आधी टेकू द्यावीत, मग हलवावीत. एक आधी टेकून चालायला लागलं तर टॅब सरकवायला लागतो. एका हाताची बोटं वळत नसतील तर दोन्ही हातांच्या तर्जन्या वापराव्यात, टॅबला ते कळत नाही आणि त्याची हरकतही नाही. चिमटी फोटोवर, नकाशावर, वेबपानावर चालते. आयकॉन किंवा सेटिंग्जची अक्षरं तिनं वाढत नाहीत, त्यासाठी सेटिंग्जमध्ये 'फाँट साइझ' आहे. गुगलच्या नकाशावर बोटं उघडताना मनगट वळलं तर नकाशाच फिरतो आणि कोल्हापूर पुण्याच्या वर जातं. कोपऱ्यात होकायंत्राची खूण आलेली असते. ती टेकवली की उत्तर दिशा पुन्हा डोक्यावर.

काठावरून आत यायच्या खुणा सगळ्यात अवघड, कारण त्या कुठेच लिहिलेल्या नसतात. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून पडद्याच्या तळाची मागे, घरी आणि अलीकडची ॲप ही तीन बटणं काढून टाकायची सोय आली: खालच्या काठावरून वर सरकवलं की घरी, म्हणजे दर्शनी पानावर, डाव्या किंवा उजव्या काठावरून आत सरकवलं की मागे. बोट काचेच्या बाहेर, चौकटीवरच टेकवून निघायला हवं, आणि नवशिका नेमका काचेच्या मधून निघतो. आमचं मत विचाराल तर सेटिंग्जमध्ये 'थ्री बटन नॅव्हिगेशन' लावून ती तीन बटणं परत आणावीत. दिसणारी वस्तू न दिसणाऱ्या खुणेपेक्षा केव्हाही बरी. आयपॅडला ही मुभा नाही, तिथे होम बटण नसेल तर खालून वर सरकवणं शिकून घ्यावं. चार-पाच बोटांच्या कसरती मात्र खुशाल सोडाव्यात.

एक बिघाड असा आहे की तो बिघाड नसतो. अचानक टॅब बोलायला लागतो, टेकवलेल्या गोष्टीभोवती चौकट येते, उघडत काहीच नाही. हे टॉकबॅक, दृष्टिहीनांसाठीची सोय. आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं काही सेकंद एकत्र धरली गेली की बऱ्याच अँड्रॉइड टॅबवर ते सुरू होऊ शकतं. तेव्हा एकदा टेकवून निवडायचं, दोनदा टेकवून उघडायचं, आणि सरकवायला दोन बोटं लागतात. बहुधा तीच दोन बटणं पुन्हा तशीच धरली की ते बंद होतं.

सरावाला पत्त्यांचा सॉलिटेअर बरा. पान धरायचं, काचेवरून न उचलता न्यायचं, जागेवर सोडायचं. चुकलं तर पान आपणच जागेवर परत येतं, कुणी हसत नाही. दिवसाला दहा मिनिटं पुरतात.

तासाभरात काचेवर बोटांचे ठसे उमटतात आणि ते पुसायची हुक्की येते. चालू पडद्यावर फडकं फिरवलं तर टॅब त्यालाही बोट समजू शकतो आणि मुलाला भलत्या वेळी व्हिडिओ कॉल जातो. आधी स्क्रीन बंद करावी, कडेच्या बटणानं. ते मात्र खरंच दाबायचं आहे.